क्रँकचा पीळ आणि डॅम्पर पुली

महू माळव्याच्या पठाराच्या दक्षिण काठावर वसलं आहे. इथून मंडलेश्वरला निघालेली गाडी अहिल्याबाई होळकरांनी 1791 मध्ये बांधलेल्या जाम दरवाज्यापाशी आली की पठार संपतं आणि रस्ता निमाडात उतरू लागतो. एबी म्हणजे आग्रा-मुंबई रोडने मानपूरकडे गेलं तरी तेच. त्यामुळे महूच्या पिकअपच्या नशिबी घाट ठरलेला. इथले बटाटे, लसूण घेऊन उतरायचं आणि निमाडची मिरची, कापूस भरून चढायचं. चढताना इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये, जवळपास एकाच वेगाने, बराच वेळ ओढत राहतं. उतरताना गिअर खाली घेतला की मागचं वजन इंजिनालाच फिरवू लागतं. जुन्या डिझेल पिकअपच्या क्रँकशाफ्टसाठी या दोन्ही वेळा कठीण असतात. त्या वेळी क्रँकला सांभाळून घेणारा भाग इंजिनाच्या पुढच्या टोकाला, फॅनच्या मागे, धुळीत आणि तेलात माखलेला असतो. ती डॅम्पर पुली.

तिच्याकडे लक्ष जातं ते पट्टा निसटल्यावर किंवा किंचाळू लागल्यावर. मग कोणीतरी दुकानात जाऊन ‘बोलेरोची पुली द्या’ म्हणतो, मिळेल ती घेऊन येतो, आणि पट्टा खाचेत बसला की काम झालं असं समजतो. पण पट्टा बसणं ही या पुलीची सर्वांत सोपी परीक्षा आहे. खरी परीक्षा बाहेरच्या रिंगच्या वजनाची आणि मधल्या रबराच्या कडकपणाची असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नवीन पुली कशी बसवायची हे सांगण्याआधी ती करते काय, हे जरा सावकाश पाहू.

महिंद्राच्या जुन्या पिकअपमधलं 2523 सीसीचं डीआय इंजिन घ्या. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 88.9 मिमी, स्ट्रोक 101.6 मिमी. थेट इंजेक्शनच्या डिझेल इंजिनात पूर्ण लोडवर जळणाच्या क्षणी सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या घरात जातो. त्या व्यासाच्या पिस्टनवर शंभर बार म्हणजे सहा टनांहून जास्त जोर. तो कनेक्टिंग रॉडमधून क्रँकपिनवर येतो, आणि येतो तोही सावकाश दाबल्यासारखा नाही, घाव घातल्यासारखा. क्रँक पोलादी असला तरी थोडा पिळला जातोच. जोर ओसरला की पीळ सुटतो, सुटताना थोडा उलट्या बाजूला जातो, आणि तेवढ्यात पुढच्या सिलिंडरचा घाव येतो. चार स्ट्रोकच्या चार सिलिंडरांत एका फेऱ्याला दोनदा जळण होतं. 2000 आरपीएमला सेकंदाला सुमारे 67 घाव झाले.

क्रँकच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असतं, त्यामुळे ते टोक बरंचसं एकसारखं फिरतं. पुढचं टोक त्यामानाने मोकळं. म्हणून पिळाचं सर्वांत मोठं हेलकावणं पुढे दिसतं, आणि म्हणूनच डॅम्परही पुढे बसवतात. हे हेलकावणं अंशाच्या काही भागाइतकंच असतं. त्याने इंजिन हलत नाही, सीट थरथरत नाही, ड्रायव्हरच्या पायाला काही कळत नाही. हे आधीच लक्षात ठेवायला हवं, कारण स्टीअरिंग हललं की डॅम्पर खराब, असा निष्कर्ष गॅरेजमध्ये पटकन काढला जातो. इंजिन हलण्याची कारणं बहुधा दुसरीच निघतात: फाउंडेशनचं रबर बसलेलं, एखादा नोझल टपकतोय, फॅनचं पातं मोडलंय. डॅम्परचा संबंध पिळाशी आहे, आणि पीळ आतल्या आत राहतो.

मग इतक्या बारीक पिळाची भीती कशाला? कारण प्रत्येक क्रँकची पिळण्या-सुटण्याची स्वतःची एक लय असते, आणि घावांची लय तिच्याशी जुळली की पीळ वाढत जातो. झोपाळा योग्य वेळी हलकेच ढकलला तरी दर खेपेला उंच जातो, तसं. अशा आखूड, चार सिलिंडरच्या क्रँकची ही लय सेकंदाला काही शे कंपनांची असते. उदाहरणापुरती 350 धरू. जळणाच्या घावात एकच लय नसते. फेऱ्याला दोनची मुख्य लय असते आणि तिच्यावर चार, सहा, आठ, दहा अशा चढत्या, पण क्षीण होत जाणाऱ्या लयी असतात. आता गणित सोपं आहे. फेऱ्याला दहाची लय 350 ला गाठते 2100 आरपीएमला, आठची 2625 ला, आणि सहाची 3500 ला. या डीआय इंजिनाची कमाल ताकद 3200 आरपीएमच्या आसपास मिळते, म्हणजे सहाची जोरकस गाठ रोजच्या वेगाच्या जरा वर राहते आणि आठची गाठ अगदी कामाच्या पट्ट्यात पडते. भरलेली गाडी घाटात 2600 च्या आसपास धरून चढवायची म्हणजे क्रँकला त्या गाठीवर बसवून ठेवायचं. उतरताना गिअर खाली घेऊन गाडी सुसाट सोडली की गव्हर्नर डिझेल बंद करतो खरा, पण चाकं इंजिनाला 3200 च्या पुढे नेऊ शकतात. जळण नसलं तरी कॉम्प्रेशनचे धक्के आणि पिस्टनचं वर-खाली जाणं चालूच असतं. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा वेगळा असेल, पण गाठी असतातच. डॅम्पर त्या गाठींसाठी आहे.

डॅम्परची रचना पाहा. मध्ये हब, तो क्रँकच्या नाकावर चावीने आणि बोल्टने घट्ट बसलेला. बाहेर जड ओतीव रिंग, बहुतेक वेळा तिच्यावरच पट्ट्याच्या खाचा. या दोघांच्या मध्ये दाबून किंवा चिकटवून बसवलेलं रबर. क्रँकचं नाक पिळाने पुढे-मागे झटके देतं, हब त्याच्याबरोबर झटके खातो, पण जड रिंग आपल्या एकसारख्या गतीने फिरत राहू पाहते. झटके रबराला सोसावे लागतात. ते मळलं जातं, गरम होतं, आणि पिळातली शक्ती उष्णता होऊन हवेत जाते. रिंगचं वजन आणि रबराचा कडकपणा असा निवडलेला असतो की हब-रबर-रिंग या जोडीची स्वतःची लय क्रँकच्या लयीच्या जवळ यावी. मग एका ठिकाणी उंच उठणाऱ्या हेलकाव्याचे दोन बुटके हेलकावे होतात, आणि दोन्ही क्रँकला झेपतात.

स्वस्त पुली आणि योग्य पुली यातला फरक इथे आहे. डॅम्परची लय रबराचा कडकपणा भागिले रिंगचं जडत्व, याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. रबर चाळीस टक्के जास्त कडक निघालं तर लय सुमारे अठरा टक्के वर जाते. रिंगचं जडत्व वीस टक्के वाढलं तर ती नऊ टक्क्यांनी उतरते. बाहेरून दोन्ही पुल्या सारख्याच. पट्टा दोघींवर छान बसतो. पण लय हटली की डॅम्पर ज्या गाठीसाठी आहे त्या गाठीवर काम करत नाही, आणि क्रँकवर फुकटचं वजन मात्र वाढतं.

डॅम्पर निकामी झाल्यावर गाडी वर्षानुवर्षं चालूही शकते, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. धातूची थकण्याची रीत अशी असते: क्रँकपिन जिथे वळणदार कोपऱ्याने क्रँकच्या भुजेला (वेबला) मिळतो तिथे बारीक चीर सुटते आणि हजारो तास थोडी थोडी पुढे सरकते. तुटलेला क्रँक हातात घेतला तर बऱ्याचदा तुटीचा चेहरा शाफ्टला काटकोनात नसतो, साधारण 45 अंशांत तिरका वळलेला असतो. पिळाने आलेल्या थकव्याची ही ओळख आहे. चेहऱ्याचा मोठा भाग गुळगुळीत, त्यावर चिरेच्या मुक्कामांच्या कमानी, आणि उरलेला शेवटचा तुकडा खडबडीत. क्रँक तुटायच्या आधीचे त्रासही आहेत. टायमिंगचे गिअर पुढे असतील तर ते खडखडतात, क्रँकचा पुढचा बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतो, चावीची खाच रुंद होते.

पुली संपली आहे हे ओळखायचं कसं? आधी इंजिन बंद करून, पट्टे काढून, बॅटरीच्या उजेडात नीट बघा. रबर बाहेर फुगलंय का, त्याला आडव्या चिरा आहेत का, तेलाने मऊ पडलंय का, रिंग हबच्या मानाने पुढे किंवा मागे सरकली आहे का. एखाद्या बाजूला रबर दिसतच नसेल तर रिंग वाकडी बसली आहे. मग मला सर्वांत आवडणारी परीक्षा. पुली चिंधीने पुसून, हबपासून रबरावरून रिंगपर्यंत पांढऱ्या रंगाची एकच सरळ रेघ ओढा. आठवडाभर नेहमीचं भाडं मारा, घाट करा. रेघ रबरावर तुटून दोन तुकडे सरकलेले दिसले तर रिंग हबवर घसरते आहे. त्याला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

रिंग घसरली की आणखी एक फसवणूक होते, आणि ती जुन्या डिझेलात महागात पडते. अनेक इंजिनांवर टीडीसीची, म्हणजे पिस्टन अगदी वर पोचल्याची, खूण रिंगवरच असते. रिंग दहा अंश फिरली तर खूणही दहा अंश खोटी. त्या खुणेवर भरवसा ठेवून डिझेल पंपाचं टायमिंग लावलं की गाडी काळा धूर सोडते किंवा ठोके देते, आणि दोष पंपवाल्याच्या माथी जातो. पंप उघडण्याआधी ही रेघ बघून घ्यावी.

आता खरेदी. महू-पीथमपूरच्या गॅरेजमध्ये एकाच दिवशी निरनिराळ्या घराण्यांची इंजिनं येतात. पीथमपुरात फोर्स मोटर्सचा, म्हणजे पूर्वीच्या बजाज टेम्पोचा कारखाना आहे, त्यामुळे ट्रॅक्स भरपूर; तिच्या जुन्या गाड्यांतलं ओएम 616 इंजिन मर्सिडीजच्या परवान्यावर आलेलं. आयशरच्या गाड्या तर तिथल्याच कारखान्यात बनतात. त्यात महिंद्राच्या पिकअप आणि टाटा 207, तिच्या डीआयमध्ये 2956 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. काळ्या रंगाच्या, एकाच अंगलटीच्या पुल्या टेबलावर शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. शिवाय एकाच नावाखाली कंपन्यांनी काही वर्षांनी इंजिनं बदलली आहेत. म्हणून गाडीचं नाव सांगून पुली मागू नये. इंजिन नंबर आणि जुन्या पुलीवर कोरलेला पार्ट नंबर सांगावा.

एक गोष्ट त्याही आधी. काही जुन्या इंजिनांवर कारखान्यातूनच नुसती ओतीव पुली असते, रबर नाहीच. तिथे इंजिन बनवणाऱ्यांनी क्रँक जाड आणि आखूड ठेवून, वेगाची मर्यादा घालून हिशेब जमवलेला असतो. त्यावर हौसेने रबराची पुली चढवायचं कारण नाही. उलट चूक फार वाईट: मूळ डॅम्पर काढून त्याजागी लेथवर वळवलेली भरीव पुली किंवा हलकी अॅल्युमिनियमची पुली लावणं. इंजिन हलकं फिरतं असं सांगून ती विकली जाते. तुमच्या इंजिनावर डॅम्पर असेल तर तो कोणाच्या हौसेखातर ठेवलेला नाही, हे लक्षात घ्या.

जुन्या हबवर नवं रबर भरून देणारेही भेटतात. काम दिसायला सुंदर असतं. पण त्या रबराचा कडकपणा किती, गरम झाल्यावर तो किती उरतो, हे भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. घाटात रेडिएटरमागची हवा कशी तापते हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की थंड गॅरेजमध्ये अंगठ्याने दाबून बघितलेलं रबर तिथे तसंच राहत नाही. ट्रॅक्टरच्या पाण्याच्या पंपाला असं रबर चालेल. भाड्याच्या पिकअपला मी ते सुचवणार नाही.

डॅम्परचा दुसरा प्रकार सिलिकॉनच्या द्रवाचा. बंद पोलादी डब्यात एक जड रिंग मोकळी असते, तिच्या आणि डब्याच्या मध्ये मिलिमीटरच्या काही भागाइतकी फट, आणि त्या फटीत पाण्याहून लाखपटीने किंवा त्याहूनही घट्ट सिलिकॉन द्रव. डबा झटके खातो, रिंग मागे राहते, द्रव कातरला जातो आणि शक्ती उष्णतेत जाते. याला एकाच लयीवर जुळवावं लागत नाही. तो रुंद पट्ट्यात काम करतो. मोठ्या ट्रकांच्या आणि जनरेटरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनांवर तो नेहमीचा आहे, कारण लांब क्रँक जास्त पिळतो आणि त्याची लय खाली येते. अमेरिकेत 1989 पासून डॉज पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन येऊ लागलं. तिथे लोक पंप आणि टर्बो बदलून ताकद वाढवतात, आणि मग मूळ रबराचा डॅम्पर काढून असा द्रवाचा डॅम्पर बसवतात. त्यांचं गणित वेगळं आहे. आपल्या चार सिलिंडरच्या, मूळ ताकदीच्या पिकअपला चांगल्या कंपनीचा, योग्य नंबरचा रबराचा डॅम्पर पुरेसा आहे. डॅम्परची कल्पनाही नवी नाही: इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1910 च्या सुमारास क्रँकचा डॅम्पर केला होता, आणि लांब क्रँकच्या गाड्यांना त्याशिवाय वेग वाढवणं जमत नव्हतं.

दुकानात हे बघा: जुनी पुली बरोबर न्या आणि दोन्ही काट्यावर तोला. वजन जुळायला हवं. शे-दोनशे ग्रॅमचा फरक दिसला तर विचारा का. खाचांची संख्या आणि प्रकार, म्हणजे व्ही पट्टा की बारीक दातांचा सपाट पट्टा. पॉवर स्टीअरिंग किंवा एसी असेल तर त्याची जादा खाच. पट्ट्याची रेघ हबच्या मागच्या तोंडापासून किती दूर, हे व्हर्नियरने मोजा. भोक, चावीची खाच, आणि ऑइल सील ज्या गळ्यावर टेकतं तो गळा गुळगुळीत आहे का. डब्यावरचं छापकाम फिकट, पार्ट नंबर पुलीवर कोरलेला नाही, रबराच्या कडेला सोडलेलं फ्लॅश तसंच: अशी पुली ठेवून द्या. बरोबर नवा क्रँक बोल्ट, वॉशर, चावी आणि पुढचं ऑइल सील घ्या. हे पैसे वाचवायचे नसतात.

काढायचं काम इंजिन पूर्ण थंड असताना करा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा, मागच्या चाकांना दगड लावा. फॅनचं कव्हर, फॅन आणि पट्टे काढले की बऱ्याच गाड्यांत जागा होते. नाही झाली तर कूलंट काढून रेडिएटर बाजूला घ्यावा लागतो. तो अर्धा तास वाचवायला जाऊन रेडिएटरच्या जाळीत पाना घुसवणारे मी पाहिले आहेत.

क्रँक बोल्ट खूप घट्ट असतो, आणि सोडताना क्रँक फिरता कामा नये. सर्वांत चांगलं म्हणजे बेल हाउसिंगच्या खिडकीतून फ्लायव्हील लॉक लावणं. ते नसेल तर वरचा गिअर टाकून मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. फ्लायव्हीलच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर घालू नका. पाना चेसिसला टेकवून स्टार्टर मारायची युक्ती तर कधीच करू नका. डिझेल इंजिनाने त्या क्षणी फेरा घेतला तर पान्यासमोर असलेला हात वाचत नाही. बोल्टचे आटे कोणत्या दिशेचे, हे मॅन्युअलमध्ये बघून मगच लांब टॉमी लावा.

बोल्ट निघाल्यावर हातोडा बाजूला ठेवा. हबवर दोन किंवा तीन आटेदार भोकं असतात, ती पुलरसाठी आहेत. पुलरचे बोल्ट हबमध्ये, मधला स्क्रू क्रँकच्या टोकावर, आणि आटे खराब होऊ नयेत म्हणून मध्ये एक पोलादी गोटी. आकडेवाला पुलर बाहेरच्या रिंगमागे अडकवला तर ओढ रबरावर येते. पुली जुनी असेल तर रिंग सुटून हातात येते आणि हब तिथेच राहतो. महूतल्या एका गॅरेजमध्ये मालक घाई करत होता, ‘उस्ताद, मागून दोन टोले द्या, निघेल.’ मिस्त्रीने पुलर आणायला पोराला पाठवलं आणि शांतपणे म्हणाला, ‘टोला पुलीला नाही लागत भाऊ, तो आत थ्रस्ट बेअरिंगला लागतो.’ त्याने हे एका वाक्यात सांगितलं, मला परिच्छेद लागला असता.

पुली निघाली की तिचा गळा बोटाने तपासा. ऑइल सीलच्या ओठाने तिथे बारीक घळ पाडलेली असते. नख फिरवा, नख अडकलं तर नवं सीलही गळेल. हबसकट नवी पुली येणार असेल तर प्रश्न सुटला. हब जुनाच ठेवायचा असेल तर दुरुस्तीची पातळ स्लीव्ह बसवा. क्रँकच्या नाकावर बर असेल तर बारीक तेलपाषाणाने काढा, एमरीने घासून माप घालवू नका. चावीच्या खाचेच्या कडा बघा: कडा चुरगळलेल्या किंवा खाच रुंद झालेली दिसली तर पूर्वी बोल्ट सैल होता. अशा क्रँकवर नवी पुली फार दिवस टिकणार नाही, आणि मालकाला ते तिथेच सांगितलं पाहिजे.

आता बसवणं. नवं सील सरळ, सपाट रिंगच्या आधाराने आत बसवा, ओठाला इंजिन ऑइल लावा. चावी बसवा. हबचं भोक आणि क्रँकचं नाक कापडाने कोरडं पुसा, पुस्तकात तेल सांगितलं असेल तरच तेल. हब ओढून बसणारा असेल तर मूळ बोल्ट दोन-तीन आट्यांवर धरून पान्याने ओढू नका. त्या दोन आट्यांवर सगळा भार येतो आणि क्रँकच्या तोंडाचे आटे सोलले जातात. लांब स्टड पूर्ण खोल घाला, त्यावर जाड वॉशर आणि नट, आणि नटाने पुली आत न्या. फार घट्ट असेल तर हब किंचित कोमट करून घेता येतो. 40 मिमीचं पोलादी भोक 60 अंशांनी तापवलं तर ते सुमारे 0.03 मिमीने वाढतं, आणि तेवढं बऱ्याचदा पुरतं. मात्र ज्योत कधीही नाही. रबर जळतं, आणि सिलिकॉनच्या डॅम्परचं बंद घर बिघडतं. त्या द्रवाच्या डॅम्परवर तर हलका टोलाही नको. घराला पोचा आला की आतली फट बुजते, रिंग अडकते आणि उरतं नुसतं जड चाक.

बोल्ट घट्ट करण्याच्या पायरीवर मी सर्वांना थांबवतो, कारण इथे सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो. बहुतेकांना वाटतं की पुली चावी फिरवते. चावीचं मुख्य काम पुलीला योग्य जागी ठेवणं आहे. जोर बहुतांशी हब आणि क्रँक यांच्यातल्या घर्षणाने जातो, आणि ते घर्षण बोल्टच्या आवळण्यातून येतं. बोल्ट सैल राहिला तर पिळाचे पुढे-मागे झटके चावीवर येतात, ती खाचेला ठोकत राहते, आणि काही महिन्यांत दोन्ही संपतात. म्हणून टॉर्क पाना हवाच. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला, मिस्त्रीच्या अंदाजातला नाही. मॅन्युअलमध्ये टॉर्क आणि नंतर अंश दिले असतील तर तसंच करा. आट्यांना तेल लावायचं की नाही हेही तिथेच बघा, कारण तेलकट आट्यांवर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट बराच जास्त ताणला जातो.

मग डायल गेज. त्याचा पाया टायमिंग कव्हरवर पक्का ठेवून, हाताने क्रँक फिरवत पुलीचं तोंड आणि घेर दोन्ही तपासा. काटा किती हलतो ते लिहा आणि पुलीबरोबर आलेल्या किंवा मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडा. जास्त असेल तर पुली सदोष ठरवण्याआधी ती काढून हब आणि नाकाच्या मध्ये कण किंवा बर राहिलाय का ते बघा. बहुतेकदा तेच निघतं.

पट्टे चढवल्यावर लोखंडी पट्टी क्रँक पुली, वॉटर पंप आणि अल्टरनेटर यांच्या तोंडांना लावा; एका रेषेत नसतील तर नवी पुली असूनही पट्टा कड खाईल. ताण मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण सेंटिमीटरभर दबेल एवढा ठेवा. फार आवळलेला पट्टा रिंगला एका बाजूला सतत ओढतो. खाचा रिंगवर असतील तर ती ओढ सरळ रबरावर येते. अडकत फिरणारं अल्टरनेटरचं बेअरिंगही रबराला तसंच मारतं, म्हणून ते आत्ताच हाताने फिरवून बघा.

टीडीसीची खूण नव्या पुलीवर आहे म्हणून विश्वास ठेवू नका. पहिल्या सिलिंडरचा खरा टीडीसी टायमिंग पिनने किंवा डायल गेजने काढा, आणि खूण जुळते का ते बघा. नाही जुळली तर नवी खूण पांढऱ्या रंगाने करा आणि जुनी पुसा.

गाडी सुरू करताना फॅनच्या रेषेत उभं राहू नका. आयडलला बाजूने बघा: पुली डगमगते का, पट्टा नाचतो का, सीलमधून तेल येतंय का. इंजिन गरम झाल्यावर हळूहळू वेग वाढवा आणि पुन्हा बघा. आवाज बदलेल, ताकद वाढेल, डिझेल वाचेल, अशी अपेक्षा असेल तर ती पूर्ण होणार नाही. फॅन बेल्टचं किंचाळणं आणि टायमिंग गिअरची खडखड गेली तर गेली. बाकी ड्रायव्हरला कळण्यासारखं काही नाही. दीड-दोनशे किलोमीटरनंतर पट्ट्याचा ताण पुन्हा तपासा, आणि हबपासून रिंगपर्यंत एक नवी पांढरी रेघ ओढून ठेवा. पुढच्या वेळी ऑइल बदलायला गाडी आली की आधी ती रेघ बघायची.

गाडीच्या वहीत तारीख, किलोमीटर, पार्ट नंबर आणि बोल्टचा टॉर्क लिहून ठेवा. जुनी पुली भंगारात देण्याआधी मात्र रिंग हबपासून तोडून टाका. नाहीतर नवं रबर आणि काळा रंग लावून ती पुन्हा एखाद्या टेबलावर येते, आणि भाड्याच्या गाडीला जाऊन बसते.